तणाचा जीव कुठं असतो

परसबागेवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात तणाच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येतं: ‘वेळोवेळी तण काढून वाफे स्वच्छ ठेवावेत.’ बियाणं कुठलं घ्यावं, जीवामृत कसं करावं, मिरचीचा बोकड्या कसा रोखावा यावर पानंच्या पानं, आणि ज्या कामात बागेचा निम्मा वेळ जातो त्यावर ही एवढी ओळ. ती वाचली की माझं डोकं फिरतं. वेळोवेळी म्हणजे कधी? काढायचं म्हणजे उपटायचं, खुरपायचं, कापायचं की खणायचं? लव्हाळ्याला जे लागू पडतं ते हरळीला पडत नाही, आणि केना उपटून तिथंच ओल्या मातीवर टाकला तर उपटला नसता तरी चाललं असतं.

आमचं घर कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेच्या अंगाला. घरामागं दोनेक गुंठे मोकळी जागा आहे. माती काळी, पावसाळ्यात चपलेला लागून अर्धा किलो बरोबर येणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यात पोकळा, मेथी, वांगी, वरणा, दोडका, थोडी मिरची. कुंपणाच्या पलीकडं ऊस. अशा मातीत भाजी झकास येते आणि तण त्याहून झकास येतं. जी माती वांग्याला मानवते ती लव्हाळ्याला का मानवू नये?

भांगलण, म्हणजे बसून खुरप्यानं तण काढणं, खरं काय असतं ते मला वडणग्याहून येणाऱ्या मावशींमुळं कळलं. त्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या उसात आणि भुईमुगात भांगलण्यात गेलं. आता गुडघे धरतात म्हणून शेताला जात नाहीत, पण आमच्याकडं येतात, कारण इथं सावलीत बसून करता येतं. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा मी खुरपं पुढं केलं, तर त्यांनी ते घेतलंच नाही. आधी वाफ्याभोवती फिरल्या, दोन-चार रोपं बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, “बाई, ह्येचा जीव कुटं हाय त्ये आदी बघायचं. मग खुरपं घालायचं.”

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असायचा. त्याचं मुंडकं उडवलं तरी तो हसत उभा. तणाचं अगदी तसंच आहे. आपण मुंडकी उडवत बसतो आणि पोपट तिकडं पेरू खात असतो.

लव्हाळ्याचा पोपट गाठीत. हे तण दिसायला गवतासारखं, पण गवत नव्हे. बुडाशी दांडा चिमटीत धरून फिरवला तर तीन कडा बोटाला लागतात. गवताचा दांडा गोल लागतो. जमिनीच्या वर चार हिरवी पाती, आणि खाली काळपट गाठींची माळ, एकीला एक बारीक मुळीनं जोडलेली. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, काही आणखी खाली. ओढलं की पाती हातात येतात, मुळी कटकन तुटते आणि गाठ तिथंच राहते. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढची गंमत कमी लोकांना ठाऊक असते. माळ अखंड असताना तिच्यातली एखादीच गाठ जोरात फुटते आणि बाकीच्यांना दाबून ठेवते. कुदळ घालून माळ तोडली की दबलेल्या सगळ्या मोकळ्या होतात आणि एका रोपाच्या जागी पाच-सहा उभी राहतात. खणल्यावर लव्हाळा वाढला अशी तक्रार लोक करतात ती खोटी नसते. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत तणशास्त्राचे लोक त्याला वरचा नंबर देतात तो उगीच नाही. मल्चिंगचा प्लॅस्टिक कागदसुद्धा तो खालून भोसकून वर येतो. त्याच्या कोंबाचं टोक सुईसारखं असतं.

मग करायचं काय? दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही एकाच वाफ्यावर एकाच वेळी चालत नाहीत.

पहिला रस्ता उपाशी मारण्याचा. गाठीतून पहिला कोंब वर येतो तेव्हा तिच्यातली निम्म्याहून जास्त शिदोरी त्यातच खर्ची पडते. कोंबाला पाच-सहा पानं आली की हिशोब उलटतो: पानं अन्न करून खाली पाठवू लागतात आणि नव्या गाठी धरतात. म्हणजे खुरपायचं ते त्याच्या आधी. बुडातून, मातीच्या जरा खाली, आणि परत परत. दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारावी लागते, आणि मध्ये कुणाचं लग्न निघालं की लव्हाळा महिन्याची कमाई भरून काढतो. मावशी तर त्याला फुलोरा आलेला दिसला की आमच्याकडं असं बघतात की जणू आम्ही पाहुण्यांना चहा न विचारता घालवलंय.

दुसरा रस्ता उन्हाचा. वाफा रिकामा ठेवायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तोडायचं आणि एप्रिलच्या तोंडावर खोल खणून ढेकळं उलथी टाकायची. गाठीला ओल लागते. ती पुरती वाळली की मरते. इथं मात्र तोडण्याची भीती नाही, कारण तुटलेल्या गाठींना फुटायला पाणीच मिळत नाही. जुने शेतकरी नांगरट करून रान तापू देतात त्यामागं हेच आहे. कोल्हापुरात यात एक अडचण: वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून येतात, तासभर दणकून पाऊस पडतो आणि तापलेलं रान परत ओलं. म्हणून उलथी पडलेली ढेकळं हातानं फोडून गाठी वेचाव्या लागतात, बुट्टी भरेस्तोवर. कंटाळवाणं काम आहे. मला ते आवडतं, कारण इतर कुठल्याच तणात शत्रूचं प्रेत असं हातात येत नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, जी रस्ता नव्हे पण मदत आहे. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. सावलीत तो मरत नाही, पण रोडावतो आणि गाठी कमी धरतो. ज्या वाफ्यात तो जास्त माजलाय तिथं पावसाळ्यात कोथिंबीर किंवा कांदा लावणं म्हणजे त्यालाच जेवायला वाढणं. या पिकांची पात बारीक, जमीन झाकतच नाही. तिथं रताळी, चवळी, नाहीतर भोपळ्याचा वेल सोडावा. मी रताळीवर भरवसा ठेवते. वेल एकदा पसरला की खाली अंधारच.

लव्हाळ्याबद्दल आणखी एक. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. नम्रपणाचं उदाहरण म्हणून ते आपल्याला शिकवतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी ते परसात पाहिलं. राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 50 फुटांच्या पुढं गेलं. चिखली-आंबेवाडीची माणसं घरं सोडून बाहेर पडली होती. आमच्या परसात पाणी शिरलं ते लवकर निघेना. ते ओसरल्यावर शेवगा आडवा, वांगी कुजलेली, पपई गायब, आणि वर बोटभर गुळगुळीत गाळ. त्या गाळातून सगळ्यात आधी वर आलेली हिरवी रेष लव्हाळ्याची होती. नम्रतेचा त्यात काही संबंध दिसला नाही. त्याचा जीव पाण्याच्या पोचेबाहेर ठेवलेला होता, इतकंच.

पुराच्या गाळानं दुसरंही एक काम केलं. वरच्या अंगाच्या कुणाकुणाच्या शेतातलं बी त्यानं आमच्याकडं आणून टाकलं. पुढच्या हंगामात गाजरगवत उगवलं, जे आमच्या परसात आधी नव्हतं. त्याचा पोपट बियात, आणि पोपट एक नाही, हजारो. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला 15 ते 25 हजार बिया धरू शकतात. 1950 च्या दशकात हे तण पुण्यात दिसलं, बाहेरून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. याला गाठ नाही, खोडाचा तुकडा रुजत नाही. उपटलं की मेलं. इतकं सोपं तण देशभर पसरलं ते केवळ आपण फुलं येईपर्यंत थांबतो म्हणून. पांढरी फुलं दिसेपर्यंत ते कुणाच्या नजरेतच भरत नाही. पाऊस पडून माती मऊ असताना, फूल यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. हातमोजे हवेतच, अंगाला लागून खाज सुटते, काहींच्या कातडीवर चट्टे उठतात. फुललेलं असेल तर खताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नये. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढुरका, तपकिरी रेघांचा छोटा भुंगा दिसला तर त्याला मारू नका. तो मेक्सिकोचा पाहुणा आहे, 1984 मध्ये बंगळूरला याच कामासाठी सोडलेला, आणि आता बऱ्याच ठिकाणी आपणहून फिरतो. पानांची चाळण करतो. पण ऊन वाढून जमीन सुकली की मातीत जाऊन झोपतो, त्यामुळं सगळा भार त्याच्यावर टाकून चालत नाही.

हरळीशी माझं भांडण होत नाही, कारण तिच्यामागं गणपती उभा आहे. भाद्रपदात गल्लीतली पोरं सकाळी सकाळी बांधावर येतात, 21 दूर्वांच्या जुड्या बांधून नेतात, आणि मी “मुळासकट न्या रे” म्हणते. कोण नेतंय! दूर्वा खुडायच्या त्या शेंड्याच्या, तीन पानांच्या. हरळीचा जीव पेरात. जमिनीवरून धावणारी आणि जमिनीखालून सरकणारी अशा दोन्ही वेली तिला असतात, आणि प्रत्येक पेर म्हणजे एक नवं रोप. शेजारच्या प्लॉटवर एकदा छोटा रोटाव्हेटर फिरवून रान भुगा करून घेतलं होतं. दिसायला इतकं सुंदर दिसत होतं! महिन्याभरात तिथं हिरवा गालिचा. यंत्रानं हरळीचे हजार तुकडे करून समान अंतरावर लावून दिले होते, नर्सरीवाल्यालाही जमलं नसतं. हरळीला यंत्र नको. टिकावानं ढेकूळ सैल करायचं आणि मुळी हातानं हळूहळू, न तोडता, दोरी सोडवावी तशी ओढून घ्यायची. आणि वाफ्याच्या कडेला शहाबादी फरशीचे तुकडे फूटभर खोल उभे खोचायचे, म्हणजे बांधावरची बाई वाफ्यात येत नाही. बांधावर तिला राहू द्यावी. पावसात बांध धरून ठेवायला तिच्यासारखं काही नाही.

केन्याचं थोडक्यात. निळ्या इवल्या फुलांचं, मांसल खोडाचं, गोड दिसणारं तण. ते वर फुलतं आणि जमिनीखालीही फुलतं. मातीतल्या त्या न उमलणाऱ्या फुलांत बी धरतं. शिवाय खोडाचा तुकडा ओल्या मातीला टेकला की रुजतो. म्हणून केना काढला की तो पाटीत, आणि पाटीतून थेट फरशीवर, उन्हात.

आता मीठ. फोनवरच्या व्हिडिओंत हल्ली सांगतात, तणावर मिठाचं पाणी ओता, व्हिनेगर मारा. व्हिनेगरनं वरची पानं करपतात; लव्हाळ्याच्या गाठीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि मिठाबद्दल सांगायचं तर, ज्या जिल्ह्यात शिरोळकडची ऊसजमीन जास्त पाण्यानं क्षारपड झाली आणि ती सुधारायला शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून मीठ बाहेर काढतायत, तिथं कुणी आपल्या हातानं वाफ्यात मीठ ओतावं? यावर शांतपणे बोलणं मला जमत नाही.

तणनाशकाचंही तेच. उसात टू-फोर-डी मारतात, ते रुंद पानांच्या तणांवर. ऊस गवताच्या कुळातला म्हणून तरतो. पण वारा असताना फवारलं तर त्याचा अंश कुंपण ओलांडतो, आणि टोमॅटो, भेंडी, वांगी ही सगळी रुंद पानांचीच. कोवळी पानं अरुंद होऊन वळतात, शेंडा पिळवटतो, आणि आपल्याला वाटतं विषाणूचा रोग आला. कुंपणापलीकडच्या दादांना मी हे सांगितलं. आता ते वारा पडल्यावर, भल्या सकाळी फवारतात आणि आधी हाक मारतात. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारनं 2022 मध्ये निर्बंध घातले. ते कुणी वापरावं, कसं वापरावं हा वाद चालू राहील. पण ज्या वाफ्यातली मेथी संध्याकाळी आपल्याच ताटात येणार, तिथं असलं काही नेण्याचं कारण मला दिसत नाही. दोन गुंठ्यांत हात पोचतो.

वाफा पेरण्याआधी मावशी एक करतात, ते मात्र कुठल्याही पिकाला लागू पडतं. वाफा बांधून, शेणखत मिसळून, पाणी देऊन तसाच सोडायचा. दहा-बारा दिवसांत वापसा येतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होते, आणि तणाचं बी हिरवं होऊन वर येतं. मग खुरपं जमिनीला समांतर धरून वरचा थर नुसता खरवडायचा, खोल जायचं नाही. खोल गेलं की खालचं झोपलेलं बी उजेडात येतं. त्यानंतर पेरायचं. मेथी-कोथिंबिरीला पुढचा पहिला महिना सुखाचा गेला की झालं. शेणखत मात्र पुरतं कुजलेलं हवं. आमच्या भागात म्हशी भरपूर, शेण भरपूर, आणि ट्रॉलीभर खत स्वस्तात दारात येतं; पण म्हशीनं खाल्लेल्या वैरणीतलं बी तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. खड्डा चांगला तापला, हात घालवेना इतका, तरच ते मरतं. आतून वाफ न आलेलं खत टाकणं म्हणजे तणाची पेरणी.

पाचटाबद्दल आमचं एकमत नाही. ऊसतोड झाली की फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पडतं, कुणी पेटवून देतं, कुणी सरीत दाबतं. मी दादांकडून भारे मागून आणते आणि वांग्याच्या दोन ओळींत वीतभर थर अंथरते. बी पासून येणारं तण त्याखाली वर येतच नाही, ओल टिकते, उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतं. याच जिल्ह्यात प्रताप चिपळूणकरांसारखे शेतकरी वर्षानुवर्षं नांगर न लावता शेती करतात आणि तणालाच जमिनीचं खत करतात. त्यांच्याबद्दल ऐकल्यापासून उघडी जमीन मला नागडी वाटू लागली. मावशींना पाचट पटत नाही. “त्येच्याखाली गोगलगाई माजत्यात,” त्या म्हणतात, आणि जुलैत पाचट उचलून बघितलं तर त्यांचं खरंच असतं. म्हणून आम्ही तोडगा काढलाय: पावसाळ्यात पाचट गोळा करून एका कोपऱ्यात, दिवाळीनंतर परत वाफ्यात.

मावशी सांगतात, त्यांच्या तरुणपणी पैरा असायचा. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. दहाजणी ओळीत बसून पुढं सरकायच्या, गप्पा, गाणी, मध्येच कुणाच्या सासूचा उद्धार. आता टाकीभर औषधात दिवसाचं काम उरकतं, आणि पाठीवर पंप घेणाऱ्या गड्याची हजेरी भांगलणाऱ्या बाईपेक्षा जास्त असते. भांगलणीला अकुशल काम म्हणतात. कांद्याची पात आणि कोवळा लव्हाळा शेजारी शेजारी उभे असताना न बघता एकच कापून दाखवा म्हणावं.

उपटलेलं सगळंच मावशी फेकत नाहीत हेही सांगायला हवं. त्यांची पाटी दोन भागांची. एकीकडं उन्हात टाकायचं, दुसरीकडं घरी न्यायचं: घोळ, तांदळी, पात्री, पावसाच्या सुरुवातीला टाकळ्याचा कोवळा पाला. घोळ डाळ घालून आंबटसर होते, बाजारात कधी मिळते कधी नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही अशी रीत, त्या दिवशी तर आपोआप उगवलेल्याचाच मान. घोळीचं बी मोहरीहून बारीक आणि मुबलक. शेतात ती माजली तर पिकाला त्रास देते, तेव्हा ती तणच. पण परसात मी तिला फूल यायच्या आत खुडते आणि ती पुन्हा फुटते.

या वर्षी उन्हाचा रस्ता धरायचाय. मागचा मोठा वाफा, जिथं लव्हाळा सगळ्यात दाट आहे, तो फेब्रुवारीपासून पाण्याविना सोडणार आणि मार्चअखेरीसच खणायला घेणार, म्हणजे वळवाच्या आधी निदान तीन आठवडे ऊन लागेल. मावशी खणायला बसणार नाहीत, गाठी वेचायला बसतील. त्यांची एकच अट आहे: नळाजवळचा कोपरा खणायचा नाही. तिथं घोळ येते.